‘संग्रहा’चा प्रश्न : परदेशी शिक्षणानंतरचे स्वगृही पुनरागमन – महाराष्ट्रातील निवडक उदाहरणांचा ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १८८६ ते १९३०)

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात परदेशी जाऊन उच्च शिक्षण घेतलेल्या व्यक्तींना मानाचे स्थान आहे. त्यांच्या प्रस्थानाचे प्रसंग, प्रवासातील हालअपेष्टा, परक्या देशातील एकाकीपणा आणि अखेरीस मिळालेली पदवी यांची वर्णने चरित्रग्रंथांतून विस्ताराने येतात. मात्र ही व्यक्ती बोटीतून मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यानंतर पुढे काय झाले, तिला राहण्यास घर कोणी दिले, तिच्या पंक्तीला कोण बसले, तिच्या ज्ञानास कोणते काम मिळाले, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. प्रस्थान हा पराक्रम मानला गेला आणि पुनरागमन हे गृहीत धरले गेले. वास्तविक अनेकांच्या बाबतीत जाण्यापेक्षा परतणे अधिक अवघड ठरले, असे उपलब्ध साधनांवरून दिसून येते.

जुन्नर परिसरातील अभ्यासकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. नाणेघाटाचा मार्ग जुन्नरच्या बाजारपेठेस कल्याण व सोपारा या बंदरांशी जोडत होता. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत यवन दानकर्त्यांची नावे आढळतात. म्हणजेच समुद्रापलीकडून आलेला मनुष्य येथे दान देऊ शकत होता आणि त्याचे नाव दगडावर कोरले जात होते. याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कल्याणच्या जोशी घराण्यातील एक मुलगी एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडून गेली, तेव्हा मात्र तिला परत आल्यावर समाजात स्थान मिळेल किंवा नाही, हा सार्वजनिक वादाचा विषय झाला होता. या दोन काळांतील अंतर लक्षात घेतल्यास पुनरागमनाचा प्रश्न हा केवळ व्यक्तीच्या मनाचा नसून समाजाच्या स्वीकारक्षमतेचा प्रश्न आहे, हे स्पष्ट होते.

अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) समुद्रगमनाविषयीच्या धर्मशास्त्रीय निर्बंधाचे पुनरागमनाच्या दृष्टीने स्वरूप समजून घेणे.
२) १८८६ ते १९३० या कालखंडात परदेशी शिक्षण घेऊन परतलेल्या निवडक व्यक्तींच्या स्वदेशातील दैनंदिन जीवनाची पुनर्घडी कशी बसली अथवा बसली नाही, याचा शोध घेणे.
३) जात, लिंग आणि संस्थात्मक आधार या तीन घटकांचा पुनरागमनावर झालेला परिणाम तपासणे.

अभ्यासपद्धती व वैचारिक चौकट

प्रस्तुत अभ्यास ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीने केला असून त्यासाठी आत्मपर लेखन, चरित्रे व धर्मशास्त्रविषयक ग्रंथ यांचा आधार घेतला आहे.

पुनरागमनाच्या प्रश्नाकडे समाजशास्त्रज्ञांचे लक्ष विसाव्या शतकाच्या मध्यास गेले. आल्फ्रेड शुट्झ यांनी १९४५ मध्ये ‘द होमकमर’ हा निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या मते, परक्या गावात जाणाऱ्या माणसास तेथे सर्व काही अनोळखी असणार याची पूर्वकल्पना असते. घरी परतणाऱ्यास मात्र आपण ओळखीच्या जगात जात आहोत असे वाटत असते. प्रत्यक्षात मधल्या काळात तोही बदललेला असतो आणि घरही बदललेले असते. जॉन व जीन गुलाहॉर्न यांनी १९६३ मध्ये याच विचाराचा विस्तार केला. परदेशात समायोजनाची जी चढउताराची अवस्था येते, तिचीच पुनरावृत्ती मायदेशी परतल्यावर होते, असे त्यांनी मांडले.

ही चौकट उपयुक्त असली तरी महाराष्ट्राच्या संदर्भात ती अपुरी पडते. या सिद्धान्तांत परतणाऱ्यास घर आहे, हे गृहीत धरलेले आहे. दार उघडेच असते आणि अडचण असते ती आत गेल्यावरच्या अवघडलेपणाची. येथील इतिहासात मात्र दार उघडले जाईल काय, हाच पहिला प्रश्न होता.

१. समुद्रगमनाचा निर्बंध आणि ‘संग्रह’

समुद्रगमन निषिद्ध होते, असे सरसकट म्हटले जाते. या निषेधाचे स्वरूप अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवासाचा उल्लेख उत्तरेकडील लोकांच्या विशिष्ट आचारांत येतो आणि अन्यत्र त्याची गणना पतनास कारण होणाऱ्या कृत्यांत केलेली आहे. तथापि तेथे त्यास प्रायश्चित्तही सांगितलेले आहे. म्हणजे दोष होता, तसा दोषनिवारणाचा मार्गही होता. पुढील काळातील कलिवर्ज्यांच्या यादीत मात्र हा मार्ग बंद झालेला दिसतो. नौकेने समुद्र ओलांडलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याचा ‘संग्रह’, म्हणजे त्यास पुन्हा आपल्यात सामावून घेणे, कलियुगात वर्ज्य आहे, असा या वचनाचा आशय आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात कलिवर्ज्यांची सविस्तर चर्चा केली आहे.

या वचनातील शब्दयोजना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. येथे बंदी जाणाऱ्याच्या कृतीवर नसून मागे राहिलेल्यांच्या कृतीवर आहे. जाणारा जाईल, तो शुद्धही होईल, परंतु इतरांनी त्यास जवळ करू नये, असा हा दंडक आहे. त्यामुळे परतलेल्या व्यक्तीचे भवितव्य तिच्या स्वतःच्या वर्तनावर अवलंबून न राहता कुटुंब, ज्ञातिबांधव, शेजारी आणि धर्मपीठ यांच्या निर्णयावर अवलंबून राहिले.

प्रत्यक्ष व्यवहारात हा दंडक नेहमीच इतका कठोर राहिला नाही. रघुनाथराव पेशव्यांनी इंग्लंडला पाठविलेला ब्राह्मण वकील हणमंतराव अठराव्या शतकाच्या अखेरीस परत आला, तेव्हा त्यास प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घेतल्याचे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकातही प्रायश्चित्त घेऊन पंक्तीत परत येण्याचा मार्ग अनेकांनी स्वीकारला. तथापि पंक्तिव्यवहाराचा प्रश्न किती नाजूक होता, हे पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहा प्रकरणावरून दिसते. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनच्या आवारात झालेल्या चहापानास उपस्थित असलेल्या प्रतिष्ठितांची नावे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली. त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. पुण्यातल्या पुण्यात एक पेला चहा घेणाऱ्यांची ही स्थिती असेल, तर तीन वर्षे अमेरिकेत राहून आलेल्या व्यक्तीची काय असेल, याची कल्पना करता येते. हे प्रकरण घडवून आणण्यात पुढाकार घेणारे गोपाळराव जोशी हे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती होते, ही गोष्टही या ठिकाणी लक्षणीय आहे.

२. डॉ. आनंदीबाई जोशी : राखून ठेवलेले पद, न उरलेले आयुष्य

आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांनी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस प्रयाण केले. तत्पूर्वी श्रीरामपूर येथे केलेल्या जाहीर भाषणात त्यांनी आपल्या जाण्याची कारणे सांगितली. त्यात त्यांनी परतण्याविषयीही स्पष्ट भूमिका घेतली होती. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि परत येऊन हिंदू म्हणूनच राहू, असा त्यांचा निर्धार होता. प्रस्थानापूर्वीच पुनरागमनाची अट स्वतःवर घालून घेणारी ही अठरा वर्षांची तरुणी होती. फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना आहार व पोशाख शक्य तितका स्वदेशी ठेवण्याचा त्यांनी प्रयत्न केला. हा केवळ श्रद्धेचा भाग नव्हता. परतल्यावर स्त्रियांनी आपल्याकडे उपचारासाठी यावे, तर आपण त्यांना परक्या वाटता कामा नये, ही जाणीव त्यामागे असावी, असे मानण्यास जागा आहे.

मार्च १८८६ मध्ये त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक केली. म्हणजे परतणाऱ्या व्यक्तीसाठी एक जागा आधीच राखून ठेवण्यात आली होती. या कालखंडाच्या दृष्टीने ही असाधारण बाब होय. परंतु अमेरिकेत जडलेल्या क्षयाने त्या खंगल्या होत्या. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरचे पद त्यांना प्रत्यक्ष स्वीकारता आले नाही. त्यांची रक्षा अमेरिकेतील त्यांच्या स्नेही श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली आणि तेथील त्यांच्या कौटुंबिक दफनभूमीत तिला स्थान मिळाले.

आनंदीबाईंचे स्वदेशातील वास्तव्य सुमारे साडेतीन महिन्यांचे ठरले. त्यामुळे त्यांच्या पुनर्समायोजनाविषयी निर्णायक विधान करणे योग्य नाही. परंतु त्यांच्या उदाहरणातून एक सूत्र हाती लागते. संस्थानाने पद दिले, वृत्तपत्रांनी कौतुक केले. मात्र प्रकृती आणि काळ यांनी साथ दिली नाही.

३. पंडिता रमाबाई आणि डॉ. रखमाबाई : स्वतः उभारलेले घर, दूरचे गाव

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहण्यासाठी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या होत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १८८९ च्या आरंभी त्या भारतात परतल्या आणि त्याच वर्षी ११ मार्च रोजी त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले. अमेरिकेतील लोकस्थितीवरील त्यांचा मराठी ग्रंथही याच वर्षी प्रसिद्ध झाला. परतल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांतच कार्याला आरंभ होऊ शकला, कारण त्यासाठीचा निधी त्यांनी अमेरिकेतच उभा केला होता. आपल्यासाठी येथे कोणी जागा राखून ठेवलेली नाही, हे त्या जाणून होत्या. त्यामुळे त्यांनी ती जागा स्वतःच निर्माण केली.

आरंभी रानडे, भांडारकर यांसारख्या सुधारकांनी त्यांना सहकार्य दिले. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. परंतु सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या आरोपावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला. सल्लागारांनी संबंध तोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे रमाबाईंचे कार्य पुणे जिल्ह्यातीलच केडगाव येथे ‘मुक्ति’ या नावाने स्थिरावले. पुणे शहराने ज्यांना अंतर दिले, त्यांना दौंड तालुक्यातील एका खेड्याने जागा दिली, असे या घटनाक्रमाचे वर्णन करता येईल. परतलेल्या विदुषीचे ज्ञान समाजास हवे होते. तिचा बदललेला धर्म मात्र नको होता. ‘संग्रह’ हा नेहमी सशर्त असतो, हे यावरून स्पष्ट होते.

डॉ. रखमाबाई (१८६४–१९५५) यांचे उदाहरण निराळे आहे. बालपणी झालेला विवाह नाकारल्यामुळे त्यांच्यावर पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. हा खटला देशभर गाजला आणि १८८८ मध्ये तडजोडीने मिटला. त्यानंतर त्या इंग्लंडला गेल्या आणि १८९४ मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून परत आल्या. आनंदीबाई गेल्या तेव्हा त्यांच्या पाठीशी पती होता. रखमाबाईंना जाण्यापूर्वीच समाजाने वादाचा विषय केले होते. त्यांच्या व्यावसायिक आयुष्याचा मोठा भाग मुंबई-पुण्यात न जाता सुरत व राजकोट येथे गेला. ज्या शहरात त्यांच्या नावाची चर्चा घरोघर झाली होती, त्यापासून दूर राहून त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ रुग्णसेवा केली.

येथे एका घटनेची नोंद करणे आवश्यक आहे. १९०४ मध्ये दादाजींचे निधन झाल्यानंतर रखमाबाईंनी विधवेचा शुभ्र वेश स्वीकारला, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात नमूद आहे. ज्या विवाहास त्यांनी न्यायालयात नाकारले, लंडनच्या शिक्षणाने ज्याचे कोणतेही बंधन उरले नव्हते, त्या विवाहाची खूण त्यांनी अंगावर घेतली. याचा अर्थ अभ्यासकांनी विविध प्रकारे लावला आहे. पुनरागमनाच्या दृष्टीने पाहता, दैनंदिन जीवनात रुग्ण स्त्रियांमध्ये वावरणाऱ्या एकाकी स्त्रीस समाजाच्या परिचित भाषेत स्वतःची ओळख सांगावी लागत होती, असे म्हणता येते. न्यायालयात जी तडजोड तत्त्वतः अमान्य केली, ती वेशभूषेत स्वीकारावी लागली असेल, तर परतण्याची किंमत किती होती, हे यावरून ध्यानात येते.

४. संस्थांचा आधार : परांजपे, शिंदे, केतकर आणि कर्वे

विसाव्या शतकाच्या आरंभी परिस्थिती काही अंशी बदलली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेत सीनिअर रँग्लर ठरले. परतल्यावर अधिक लाभाच्या नोकरीची वाट न धरता ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे अल्पवेतनी आजीव सदस्य झाले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हे पद त्यांनी सुमारे दोन दशके सांभाळले. त्यांच्या बाबतीत परदेशी ज्ञान आणि स्वदेशी काम यांचा सांधा सहज जुळलेला दिसतो. याचे कारण व्यक्तिगत कर्तृत्वाइतकेच संस्थेतही आहे. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या सोसायटीकडे परतलेल्या विद्वानास देण्यासाठी वर्ग, विद्यार्थी आणि समविचारी सहकारी हे सर्व तयार होते.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माच्या अभ्यासासाठी गेले आणि १९०३ मध्ये परतले. मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून त्यांनी काम स्वीकारले. तेथून पुढे १९०६ मध्ये त्यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ची स्थापना केली. प्रार्थना समाजाने त्यांना परतण्यासाठी जागा दिली. परंतु त्यांना अभिप्रेत असलेले काम त्या जागेत मावणारे नव्हते, म्हणून त्यांनी नवी संस्था उभारली.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर संशोधन केले आणि १९१२ मध्ये ते भारतात आले. काही काळ त्यांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. परंतु त्यांच्या विद्वत्तेला साजेसे स्थिर स्थान कोणत्याही विद्यापीठात मिळाले नाही. अखेर त्यांनी भागभांडवल उभारून ज्ञानकोश मंडळ स्थापन केले आणि ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ विभाग सिद्ध केले. एडिथ कोन या विदुषीशी विवाह करताना त्यांनी व्रात्यस्तोमाच्या विधीने तिला हिंदू समाजात घेतले. जे धर्मशास्त्र परतलेल्याचा संग्रह नाकारत होते, त्याच परंपरेतील एका प्राचीन विधीचा उपयोग बाहेरच्या व्यक्तीच्या संग्रहासाठी करून घेण्यात आला, ही बाब वैचारिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

डॉ. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी बर्लिन येथे मानववंशशास्त्राचे संशोधन करून १९३० मध्ये डॉक्टरेट मिळविली. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे त्यांचे सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची त्यांच्या जर्मनीला जाण्यास संमती नव्हती. परतल्यावर त्यांच्या घराचे दार बंद नव्हते. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. अडचण होती ती विषयाची. त्या काळी पुण्यात मानववंशशास्त्राचे अध्यापन करण्यासाठी जागाच नव्हती. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी महिला विद्यापीठात निबंधक म्हणून प्रशासकीय काम केले. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेत त्या रुजू झाल्या, तेव्हा कुठे त्यांच्या अभ्यासविषयास हक्काचे स्थान लाभले. पदवी आणि त्या पदवीस अनुरूप काम यांत नऊ वर्षांचे अंतर पडले. आजही अनेक परतलेल्या संशोधकांच्या वाट्यास येणारी ही स्थिती होय.

५. डॉ. बाबासाहेब आंबेडकर : बडोद्यातील अकरा दिवस

वर उल्लेखिलेल्या सर्व व्यक्तींच्या अडचणी खऱ्या होत्या. तथापि डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या पुनरागमनाचा प्रश्न गुणात्मकदृष्ट्या वेगळा होता. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये ते लंडनला आले आणि अर्थशास्त्र व कायदा या दोन्हींच्या अभ्यासासाठी त्यांनी नाव नोंदविले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे शिक्षण अपुरे ठेवून त्यांना ऑगस्ट १९१७ मध्ये परतावे लागले. स्वतंत्रपणे पाठविलेले त्यांचे सामान व पुस्तके जहाज बुडाल्याने नष्ट झाली. करारानुसार बडोदा संस्थानची दहा वर्षे सेवा करणे त्यांना बंधनकारक होते. त्यामुळे ते बडोद्यास गेले.

बडोद्यातील अनुभव त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवला. या निवेदनातील वर्षांत थोडी तफावत आढळते. चरित्रविषयक साधनांवरून ही घटना १९१७ मधील ठरते. पाच वर्षांच्या परदेशवासात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते या ठिकाणी सांगतात. बडोद्याच्या स्थानकावर उतरल्यावर ‘कोठे जावे’ या एका प्रश्नाने ती जाणीव परत आली. हिंदूंच्या खाणावळीत जात लपवूनच प्रवेश मिळाला असता. परदेशात भेटलेले मित्र शहरात होते. परंतु त्यांच्या घरी गेल्यास ते संकोचतील, अशी भीती त्यांना वाटली. अखेर एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव नोंदवून राहण्याची तडजोड झाली. माळ्यावरची अडगळीची ती जागा, विजेच्या दिव्याअभावी मिणमिणता कंदील, वटवाघळांची फडफड आणि सोबतीस कोणी नाही, अशा अवस्थेत त्यांनी दिवस काढले. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता; त्याचा निकाल लागत नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी कचेरीस निघण्याच्या वेळी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी तेथे आले आणि त्यांनी जाब विचारला. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची सक्त ताकीद देऊन ते गेले. त्यानंतर त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एकाने, तुम्हाला घरी ठेवले तर नोकर निघून जातील, असे सांगितले. धर्माने ख्रिस्ती असलेल्या दुसऱ्याने, बाहेरगावी गेलेली पत्नी परत आल्यावर तिला विचारून सांगतो, असे उत्तर दिले. मुंबईची गाडी रात्री नऊ वाजता होती. मधले पाच तास कामाठी बागेत बसून काढल्यानंतर ते बडोदा सोडून गेले.

या प्रसंगाचे विश्लेषण करताना तीन बाबी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली बाब अशी की, येथे पद होते, वेतन होते, खुद्द सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. आनंदीबाईंप्रमाणे संस्थानाने जागा राखून ठेवली होती. तरीही राहण्यास घर नव्हते. राजाची इच्छा कचेरीच्या दारापर्यंत पोहोचली. खाणावळीच्या व शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोहोचली नाही. दुसरी बाब अशी की, नकार एका धर्माचा वा एका गटाचा नव्हता. हिंदू, पारशी व ख्रिस्ती या सर्वांच्या घरांतून तो आला. तिसरी बाब सर्वाधिक महत्त्वाची आहे. परांजपे किंवा केतकर यांच्यासाठी ‘संग्रहा’चा प्रश्न समुद्र ओलांडल्यामुळे उत्पन्न होत होता. आंबेडकरांच्या बाबतीत समुद्राचा काही संबंध नव्हता. ज्यास कधीच आत घेतले नव्हते, त्यास परत घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. प्रायश्चित्ताची सोयही त्यांच्यासाठी नव्हती, कारण दोष कृतीचा नसून जन्माचा मानलेला होता.

पुढील काळ याला पुष्टी देतो. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांनी त्यांचे अध्यापन वाखाणले. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि डी.एस्‌सी. व बॅरिस्टर या पदव्या घेऊन १९२३ मध्ये परतले. या दुसऱ्या पुनरागमनात मात्र त्यांनी समाजाकडून स्वीकाराची अपेक्षा ठेवलेली दिसत नाही. परळच्या चाळीतील खोली हेच त्यांचे घर होते. १९२४ मध्ये त्यांनी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली. दार उघडण्याची वाट पाहण्याऐवजी दाराच्या अस्तित्वालाच प्रश्न विचारण्याचे हे कार्य होते. १९२९ मध्ये शासकीय समितीचे सदस्य म्हणून ते चाळीसगावला गेले असता, टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. वस्तीतील बांधवांनी टांगा भाड्याने घेतला आणि सवय नसलेल्या व्यक्तीने तो हाकल्याने अपघात होऊन त्यांना इजा झाली. परतून बारा वर्षे झाली होती, दोन विद्यापीठांच्या पदव्या होत्या. तरी स्थानकापासून वस्तीपर्यंतचा रस्ता मोकळा झालेला नव्हता.

६. तुलनात्मक विवेचन

उपरोक्त उदाहरणांची तुलना केली असता पुनरागमनाचे तीन स्तर दिसतात. पहिला स्तर निवाऱ्याचा व पंक्तीचा, म्हणजे घर, पाणी आणि अन्न यांचा. दुसरा स्तर कामाचा, म्हणजे ज्ञानास अनुरूप पद मिळण्याचा. तिसरा स्तर मनाचा, म्हणजे बदललेल्या स्वतःस जुन्या जगात सामावून घेण्याचा. आधुनिक मानसशास्त्रीय सिद्धान्त प्रामुख्याने तिसऱ्या स्तराचा विचार करतात. महाराष्ट्रातील उच्चवर्णीय पुरुषांचा पहिला प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी बव्हंशी सुटत आला होता. उच्चवर्णीय स्त्रियांचा पहिला व दुसरा हे दोन्ही प्रश्न दीर्घकाळ अर्धवट सुटलेले राहिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्वानास मात्र दुसरा प्रश्न सुटूनही पहिल्या प्रश्नापाशीच अडकून राहावे लागले.

दुसरे असे की, ज्यांच्यासाठी संस्था तयार होती ते लवकर स्थिरावले. ज्यांच्यासाठी नव्हती, त्यांनी संस्था निर्माण केली. शारदा सदन, डिप्रेस्ड क्लासेस मिशन, ज्ञानकोश मंडळ आणि बहिष्कृत हितकारिणी सभा या चारही संस्था परतलेल्या व्यक्तींनी उभारलेल्या आहेत. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाच्या संस्थांचे मूळ पुनरागमनाच्या अडचणीत शोधता येते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. मात्र यावरून अडचणींचे समर्थन करता येत नाही. अशी संस्था उभारू न शकलेले कितीजण इतिहासाच्या नोंदीबाहेर राहिले असतील, याचा विचार अभ्यासकाने केला पाहिजे.

निष्कर्ष

१) कलिवर्ज्यातील समुद्रगमनाचा निर्बंध हा मूलतः परतलेल्याच्या स्वीकाराविषयीचा निर्बंध होता. त्यामुळे पुनरागमनाची जबाबदारी व्यक्तीइतकीच, किंबहुना अधिक, समाजावर होती.
२) परदेशी पदवीने व्यक्तीचे ज्ञान वाढविले, तिचे सामाजिक स्थान आपोआप बदलले नाही. जात व लिंग यांनुसार स्वीकाराच्या अटी भिन्न राहिल्या.
३) राज्यसंस्थेने दिलेले पद हे पुरेसे नव्हते. दैनंदिन जीवनातील घर, पाणी व शेजार यांचा प्रश्न न सुटल्यास पद टिकविणेही अशक्य होत असे.
४) संस्थात्मक आधार हा पुनर्समायोजनाचा सर्वांत प्रभावी घटक ठरला.

आज समुद्रगमनाचे प्रायश्चित्त इतिहासजमा झाले आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या शासकीय योजनांमुळे वंचित समाजघटकांतील विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाची संधी मिळते. जुन्नर-आंबेगावसारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थीही हे स्वप्न पाहू शकतात. परंतु या योजनांचा विचार बहुधा प्रस्थानापाशी थांबतो. शिकून आलेल्या तरुण-तरुणीस आपल्या तालुक्यात कोणते काम मिळेल, शहरात गेल्यास तिला किंवा त्याला आडनाव न विचारता घर भाड्याने मिळेल काय, महाविद्यालये त्या ज्ञानाचा उपयोग कसा करून घेतील, हे प्रश्न अद्याप विचारले जाणे बाकी आहे. निरोपसमारंभ आणि सत्कार यांच्याबरोबरच परतणाऱ्यासाठी एक वर्ग, एक टेबल आणि एक पेला पाणी तयार ठेवणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य होय. कामाठी बागेतील ते पाच तास इतिहासात पुन्हा येऊ नयेत, असे वाटत असेल, तर ‘संग्रहा’चा अर्थ नव्याने लावणे आवश्यक आहे.